दोन रेघांमधलं

मांडवी, रत्नागिरी
१४ नोव्हेंबर १९५६

विमलच्या बाबांस,

कमळाचा नमस्कार. हे तिसरं पत्र. पहिल्या दोन्हींना उत्तर नाही. पण मनिऑर्डर कंपनीच्या मुंबईच्या हापिसातून वेळेवर येते, त्यावरून तुम्ही बहरीनला धडधाकट आहात आणि तुमचा रागही धडधाकट आहे एवढं कळतं.

मजीदभाई, तुम्हांला सलाम. हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार. यांना अक्षरओळख नाही, आणि त्या खोलीत मराठी वाचणारे तुम्ही एकटेच. आमच्या भांडणात तुम्हांला उगाच त्रास, पण काय करणार. एक विनंती आहे. पुढे एका ठिकाणी मी दोन आडव्या रेघा ओढल्या आहेत. त्या दोन रेघांमधलं तुम्ही वाचू नका. ते नवराबायकोतलं आहे. यांना कधी वाचता आलं तर हे वाचतील, नाही आलं तर राहील तिथेच.

विमल तिसरीत सहामाहीला पहिली आली. आईंचा गुडघा थंडीने धरला आहे, पण तोंड नेहमीसारखं चालू आहे. भिकाजीभाऊजी नवं जाळं घेऊन जातात. सुरमई मिळाली तर ओटीवर ठेवून जातात, माझ्याकडे न बघता.

____________

गणपतीत आरती झाल्यावर सगळी वाडी ओटीवर बसलेली. भाऊजींनी जाळ्याला पैसे मागितले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी म्हटलं, "पैसे नाहीत." शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. तुम्ही बोटातली अंगठी काढून भावाच्या हातावर ठेवलीत, म्हणालात, "मी बहरीनला राबतो तो चार माणसांत बायकोनं नाही म्हणावा म्हणून काय?" आणि रजा संपून बोटीत बसेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. विमलला सांगून माझ्याकडे पाणी मागत होतात.

आता ऐका. त्या दिवशीच्या नैवेद्याचे तांदूळ मी शेजारच्या यमुनाबाईंकडून उसने आणले होते. डबा पालथा घालून झटकला होता. तुम्ही आला होतात म्हणून तुम्हांला हे सांगायचं नाही असं आईंनी बजावलं होतं. माणूस परमुलखातून येतो, त्याच्या कानावर असलं घालायचं नाही.

काल मी म्हटलं, "आई, मीठ संपलं." त्यांनी कानांवर हात ठेवले. "संपला म्हणू नये गो, वाढला म्हणावा. लक्ष्मी ऐकते." तुमच्या घरात दिवा विझत नाही, वाढतो. बांगडी फुटत नाही, वाढते. तांदूळ, तेल, मीठ काहीच कधी संपत नाही, सगळं वाढतं. माझ्या बापाचं चिपळूणला धान्याचं दुकान. तिथे तूरडाळ संपली की "संपली" असं मोठ्याने सांगायचं, नाहीतर नवं पोतं कोण मागवणार? मला ही सवय लागलेली, ती इथे चालत नाही. तुम्हांला "नाही" हा शब्द सोसला नाही, म्हणून या खेपेला आईंच्याच शब्दात कळवते. तुम्ही त्यांच्या पोटचे, तुम्हांला बरोबर कळेल.

____________

मजीदभाई, आता वाचा. आईंचा निरोप असा: घरातले पैसे वाढले. बाकी सगळं ठीक.

कमळा


मांडवी
९ जानेवारी १९५७

विमलच्या बाबांस,

कमळाचा नमस्कार. तुमचं पत्र आलं. मजीदभाई, तुमचं अक्षर बघून पोस्टमननेही कौतुक केलं.

मी ते ओटीवर उभ्यानेच मोठ्याने वाचायला लागले, आई आणि विमल ऐकत होत्या, आणि पुढे काय आहे ते कळायच्या आत तोंडातून निघून गेलं होतं. "घरी पैसे शिल्लक पडले हे ऐकून जिवाला बरं वाटलं. मी उगाच रागावलो. आता तीन वर्षांचा नवा करार करीत नाही. मे महिन्यात, पावसाळ्याची बोट बंद व्हायच्या आत, कायमचा येतो. भिकाजीला म्हणावं होडीच्या अर्ध्या भागाचा विसार दे, पैसे कमळा देईल."

आईंनी हातातलं सूप टाकून दिलं आणि तशाच वाडीत गेल्या. तासाभरात सगळ्या मांडवीला कळलं. यमुनाबाई साखर घेऊन आल्या. मी चुलीपुढे बसून राहिले तर आई म्हणतात, "काय झाला गो तुला? माजा आनंदा येतोय नि तू अशी तोंड पाडून बसतंस?"

मी विचारलं, "आई, पैसे कुठे शिल्लक पडलेत?" तर म्हणाल्या, "त्याच्याकडं असतील. पुरुषाकडं असतात." तुम्हांला वाटतं घरात आहेत. घरात वाटतं तुमच्याकडे आहेत. मधल्या समुद्रात असतील तर देव जाणे.

तुम्हांला एवढंच सांगते की घाई करू नका. साहेबाला अजून काही बोलू नका. भाऊजींनाही मी सबुरीने घ्या म्हटलं आहे. ते म्हणाले, "वैनी, दादानं लिवलाय ना, मग तुमचा काय?" ते रोज भाट्याला जाऊन ती होडी बघून येतात. काल तिच्यावर हात फिरवत होते असं विमल सांगत होती.

परत रेघा ओढते आहे. मजीदभाई, मेहेरबानी करा.

____________

मी खरं लिहायला बसले होते. तीन वेळा बसले, तीन वेळा उठले. एकदा दूध उतू गेलं, ते निमित्त झालं. खरं लिहिलं तर मजीदभाई मोठ्याने वाचणार, खोलीतली सगळी ऐकणार आणि तुमची मान पुन्हा खाली जाणार, तीही माझ्यामुळे. रागाच्या भरात तुम्ही तीन वर्षं लिहून द्याल. विमल तेव्हा सातवीला असेल. तुम्ही तिला ओळखणार नाही.

नाही लिहिलं तर मे महिन्यात तुम्ही धक्क्यावर उतराल, नोकरी सोडून. हातात विसार दिलेली अर्धी होडी, उरलेल्या पैशांसाठी दारात बसलेला माणूस, आणि घरात आईंचं वाढलेलं मीठ.

आणि एक गोष्ट या दोन्हींपेक्षा वाईट. ती कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते. मला वाटलं, गप्प बसावं. येऊ देत. एकदा आले की परत कुठे जातात. पैशाचं मग बघू. मला तुम्ही हवे आहात. तुम्ही चार महिने बोलला नाहीत त्याचा राग आहे तो आहेच, तरी हवे आहात. पापणीला पापणी लागत नाही ती यामुळे. पैशाने नव्हे.

____________

विमल तुमच्यासाठी रुमालावर बदाम भरते आहे. बदाम भोपळ्यासारखा झाला आहे, पण तुम्ही तिला तसं लिहू नका.

कमळा


मांडवी
२ फेब्रुवारी १९५७

विमलच्या बाबांस,

नमस्कार. आज रेघा नाहीत. मजीदभाई, आज सगळं वाचा. हळू नको, मोठ्याने वाचा. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं तरी चालेल, त्यांच्याही घरी काहीतरी वाढलेलं असेल.

घरात पैसे नाहीत. शिल्लक पडले नाहीत. आईंच्या घरात "वाढले" म्हणजे संपले. मजीदभाई, तुमच्या घरी मीठ संपलं की संपलं म्हणत असतील, म्हणून तुम्ही वाढले म्हणजे वाढलेच समजलात. तुमची चूक नाही. चूक माझी. तो शब्द मी रेघांच्या आत समजावून सांगितला होता आणि तुम्ही इमानाने तेवढंच वाचलं नाहीत. स्वतःच कुलूप लावायचं आणि किल्ली आत ठेवायची, तसं झालं. पण विमलच्या बाबा, तुम्ही तर त्याच आईंचे. तुम्हांला कसं कळलं नाही? का रागाने पुरतं ऐकलंच नाहीत, "काय लिवलाय ता थोडक्यात सांग" म्हणालात? तसंच म्हणाला असाल. मी ओळखते.

आता पैसे गेले कुठे ते. कुणी चोरले नाहीत. मी उधळले नाहीत, म्हणजे मला उधळले असं वाटलं नाही. तुम्ही गेल्यापासून आपलं घर हे बहरीनवाल्याचं घर झालं. लग्नात आहेर करायचा तर सगळ्यांपेक्षा जास्त. सत्यनारायणाला सगळी वाडी जेवायला. पूर्णगडचे नातेवाईक आले की परतीच्या भाड्यासकट. कुणी मागितलं तर "बघते" म्हणायचं आणि मग द्यायचं. आणि हे फक्त आईंमुळे झालं असं सांगितलं तर मी खोटी ठरेन. मासळीबाजारात "बहरीनवाली आली" म्हटलं की मागे झाकून ठेवलेलं पापलेट पुढे येतं. तेव्हा मला भाव विचारायची लाज वाटते. घासाघीस करायची लाज वाटते. मी पदर सारखा करून पैसे टाकते आणि घरी येऊन विमलच्या दुधात पाणी घालते. मला ते आवडत होतं हो. माझ्या बापाच्या दुकानात मी जमिनीवरची डाळ वेचायची, आणि इथे मला कुणी भाव सांगत नाही.

मनिऑर्डर आली की पहिले चार दिवस मला बसवत नाही. कुणाला काय द्यायचं, कुणाचं मन कसं राखायचं. शेवटचे दहा दिवस तर उभंच राहवत नाही. मधे जरा बरं असतं. दोन वर्षं अशीच गेली, आणि मी ती चांगली वर्षं म्हणून सांगत फिरले.

काल मी भाऊजींना विसाराला नाही म्हटलं. ओटीवर नाही, चारचौघांत नाही. त्यांच्या होडीपाशी गेले, ते जाळं विणत होते, शेजारी बसून सांगितलं. "भाऊजी, पैसे नाहीत. दादांना चुकीचं कळलं. मी त्यांना खरं लिहिते आहे." ते म्हणाले, "मग आमी कोणाकडं बघायचा?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी जाळ्याची पुढची गाठ मारायला घेतली. घरी आल्यावर मला भूक लागली. किती दिवसांनी पोटभर जेवले.

आता तुम्हांला एक विचारते. तुमचा पगार किती? लग्नाला दहा वर्षं झाली, मला ठाऊक नाही. माझ्या आईला माझ्या बापाचा ठाऊक नव्हता, आईंना मामंजींचा नव्हता. बाईने विचारायचं नसतं आणि पुरुषाने सांगायचं नसतं. पण तुमच्या अंगावर सदरा किती मापाचा ते मला ठाऊक असतं, तुमच्या पोटात काय पचतं ते ठाऊक असतं. पगार तेवढा परका का? येणाऱ्या पैशातून घर किती, तुमचं तिकडचं किती, ते मला कळलं तर मी सांगू शकेन की तुम्ही कधी येऊ शकता. नुसतं "या" म्हणणं सोपं आहे. मला तुम्ही यायला हवे आहात आणि राहायला हवे आहात.

करार करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण खऱ्यावर ठरवा.

कमळा


मांडवी
१८ एप्रिल १९५७

विमलच्या बाबांस,

नमस्कार. फेब्रुवारीच्या पत्राला उत्तर नाही. मार्चमध्ये करारावर सही करायची असते असं तुम्हीच मागे म्हणाला होतात. केलीत की नाही, किती वर्षांची केलीत, मला काही कळत नाही. मुंबईची बोट लागली की कसली ना कसली सबब काढून मी धक्क्यावर जाते. गेल्या खेपेला एका बहरीनहून आलेल्याला विचारलं, तर तो म्हणाला बहरीन मोठं आहे बाई. मोठं असेल, पण एखादा माणूस तर ठाऊक असावा.

मजीदभाई, तुम्ही तरी दोन ओळी टाकायच्या. का यांनी मनाई केली?

इथलं सांगते, कारण नुसतं बसवत नाही. नवे पैसे आलेत. सोळा आण्यांचा रुपया गेला, शंभराचा झाला. आईंनी तो एवढासा पैसा उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "हा काय, बटण?" वाण्याने आण्याचे सहा दिले की कमी दिले यावरून रोज बाजारात कुणाचं तरी वाजतं. मला मात्र या गोंधळाचा उपयोग झाला. आता सगळेच भाव विचारतात, दोनदा विचारतात, हातावर पैसे मोजून घेतात. त्यात मीही विचारते. पापलेटवालीला मी म्हटलं, "आज बांगडे दे." ती म्हणाली, "बहरीनवाली नि बांगडे?" मी म्हटलं, "बहरीनवाल्यालाही काटे लागतात." ती हसली आणि दोन जास्त घातले.

मनिऑर्डर आली की आता मी त्याच दिवशी तांदूळ, रॉकेल आणि विमलची फी बाजूला काढते. थोडे पोस्टात टाकते. खातं माझ्या नावावर आहे. कारकून म्हणाला नवऱ्याचं नाव लिहा, मी म्हटलं ते लिहिलंच आहे, माझ्या नावापुढे. उरतात त्यातून आईंचं तेल, पाहुणा, सण. ते संपले की संपले. पहिल्या महिन्यात लवकर संपले आणि मला रडू आलं, पण पोस्टातले काढले नाहीत. पुढल्या महिन्यात रडू आलं नाही. एकदा मी मुद्दाम विमलला आणि मला भजी केली, कुणाला न बोलावता. चोरी केल्यासारखं वाटलं. मग दुसरा घाणा काढला.

घरी येणं-जाणं कमी झालं आहे. वाडीत बोलतात की बहरीनवाल्याचं घर बसलं. आई महिनाभर माझ्याशी तुमच्यासारखंच बोलत नव्हत्या, विमलकडून पाणी मागत होत्या. हे तुमच्या घराण्यातच आहे.

मग परवा पूर्णगडचा खंडू आला, मुलीच्या लग्नासाठी. आईंना म्हणाला, "आत्ये, तुमच्याकडं काय कमी?" मी दारात उभी होते. ठरवलं होतं की मीच बोलेन, पण जीभ उचलेना. म्हातारीसमोर तिच्या भाच्याला कसं नाही म्हणू? आई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून आत गेल्या, देवापुढे हात जोडले, काय पुटपुटल्या ते ऐकू आलं नाही. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "खंडू, पैसे नायत. संपले. जेवून जा." तो जेवून गेला. रागावला नाही हो. आम्ही एवढी वर्षं कशाला घाबरत होतो? आई मात्र संध्याकाळी जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "माज्या तोंडातून आज तो शब्द गेला. माज्या आनंदाला काय होणार नाय ना गो?"

तेव्हा मला कळलं की त्या लक्ष्मीला घाबरत नव्हत्या. पैसे नाहीत म्हटलं की मुलगा परदेशी राबतो तो फुकट राबतो असं होईल, हे त्यांना सोसत नव्हतं. मी त्यांचे पाय चेपत बसले. तुम्हांला काही होणार नाही असं सांगितलं. आता तुम्ही दोन ओळी लिहून ते खरं करा.

भिकाजीभाऊजी अजून बोलत नाहीत. सुरमईऐवजी बांगडे ठेवून जातात. त्यांनाही कळलं आहे वाटतं.

कमळा


मांडवी
१२ मे १९५७

मजीदभाई यांस, मुक्काम खेड,

कमळाचा सलाम. तुम्ही रजेवर घरी आलात आणि आल्या आल्या यांचं पत्र तुमच्या पत्रात घालून पाठवलंत, त्याबद्दल तुमचे उपकार. अक्षर तुमचं पण शिक्का खेडचा, ते बघून मला वाटलं तिकडे काहीतरी वाईट झालं. चिठ्ठी उघडताना विमलला बाहेर पाठवली.

तुम्ही लिहिता की फेब्रुवारीचं पत्र तुम्ही मोठ्याने वाचलंत, सगळी खोली ऐकत होती, आणि कुणी हसलं नाही. एकाने नुसतं विचारलं, "माझ्या घरी काय लिहितात ते नीट वाच रे परत." हे त्यादिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे पाटी मागितली. तुम्ही विचारलंत, कशाला, तर म्हणाले, "रेगांमधी काय हाय ता तू सांगणार नायस." तुम्ही म्हणालात की नाही सांगणार, वहिनींची मनाई आहे. मजीदभाई, तुम्ही त्या दिवशी मऊ पडला असतात तर हे कधी शिकले नसते. आणि मला तीन महिने उत्तर का आलं नाही तेही आता समजलं. दुसऱ्याच्या हाताने लिहायचं नाही असं यांनी ठरवलं होतं. मला एवढं जाळलं, पण बरं केलं.

यांचं पत्र मी पाठ केलं आहे. तुम्ही पाकिटात घालताना बघितलं नसेल, तुमचा स्वभाव मला कळला आहे, म्हणून इथे उतरवते. आता लपवायचं काय उरलं?

"कमळास. रेघांतले वाचले. फार दिवस लागले. अंगठी दिली तेवा डबा रिकामा होता हे मला माहीत नवते. पगार दीडशे. घरी नववद पाठवतो. इथे यायला उसने घेतले ते अजून फेडतो. ते तुला सांगितले नवते. उरते ते जेवणाला. माझे पण संपले. तीन साल मागत होते. मी एक साल लिहून दिले. होडी नको. आधी मी येतो. चूक माफ कर. आनंदा."

आनंदा हे नाव सगळ्यात मोठं काढलं आहे, शेवटचा काना कागदाच्या बाहेर जाता जाता राहिला. मी आईंना वाचून दाखवलं. "माझे पण संपले" म्हटलं तर त्या कानांवर हात ठेवतील म्हणून मी थांबले. त्यांनी हात मांडीवरच ठेवले. म्हणाल्या, "खरा बोलला माजा पोर." मग पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "वरसभर उपाशी राहू नको म्हणून लिव त्याला." 

भिकाजीभाऊजींना मी "होडी नको" वाचून दाखवलं. ते अंगठी घेऊन आले. म्हणाले, "जाळ्यापायी गहाण होती, सोडवली. दादा आला की त्याच्या बोटात तुमीच घाला, वैनी." चार महिन्यांनी मला वैनी म्हणाले.

तुम्ही लिहिलंत की यांना जोडाक्षरं अजून लिहिता येत नाहीत, वाचताना एकेकावर दिवस जातो, आणि तुम्ही परत जाईपर्यंत वाचून दाखवायला कुणी नाही. तेव्हा मी जोडाक्षर न घालता लिहायचं ठरवलं आहे. बसून बघितलं, फार कठीण जातं. "नमस्कार" सुद्धा लिहिता येत नाही.

तुमच्या घरी हफीजाबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि मजीदभाई, एक विचारते, राग मानू नका. तुम्ही सगळ्या खोलीची पत्रं वाचता. तुमचा पगार त्यांना सांगितला आहे का?

कमळा


मांडवी
१३ मे १९५७

विमलचे बाबा,

कमळाचा नमसकार. मी सावकाश लिहिते. तुमी सावकाश वाचा. आता मधे कोणी नाही.

आई बरी आहे. विमल पास झाली. अंगठी घरी आली.

उसने आहेत ते आधी फेडा. तोवर घरी दहा कमी पाठवा. भागेल. मी बघितले. रोज पोटभर जेवा. आईने सांगितले आहे.

एक साल. मग या.

____________

घरात तांदूळ आहेत. तेल आहे. मीठ आज संपले, उदया आणीन. फकत तुमी नाही.

____________